पिंजऱ्यापुढील व्याख्यान

रविवारच्या सायंकाळीं मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेंत, म्हणजे आतांच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत, किंवा पुण्यास कात्रजच्या प्राणिसंग्रहालयांत जी गर्दी लोटते ती श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेली असेल. मुलें पुढें धांवतात आणि वडील मंडळी त्यांना हांका मारीत मागून येतात. वाघ निजलेला असला तर "झोपला आहे" एवढेंच म्हणून सर्वजण पुढें सरकतात. माकड उड्या मारीत असलें तर घटकाभर थांबतात. दोन तासांत चाळीस-पन्नास प्राणी पाहून होतात; परंतु घरीं परतल्यावर त्यांपैकीं एकाविषयीं तरी नवें असें काय कळलें हें विचारलें तर उत्तर देणें कठीण पडतें. पाहणें निराळें आणि समजणें निराळें. या दोहोंमध्यें पूल बांधण्याचें काम ज्यानें करावयाचें तो मनुष्य म्हणजे पिंजऱ्यापुढें उभा राहून लोकांशीं बोलणारा व्याख्याता होय. अनेक प्राणिसंग्रहालयांत असे व्याख्याते किंवा स्वयंसेवक असतात. कोठें कोठें प्राण्यांची देखभाल करणारे रक्षकच आहार देण्याच्या वेळीं चार शब्द सांगतात.

वरवर पाहतां हें काम सोपें वाटतें. प्राण्याचें नांव, त्याचा देश, आहार आणि आयुर्मर्यादा सांगितली कीं संपलें, असा समज होतो. परंतु तेवढी माहिती तर पाटीवरहि लिहिलेली असते. अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांविषयीं लिहिणारे फ्रीमन टिल्डन यांनीं इ. स. १९५७ मध्यें याच कलेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नुसती माहिती पुरविणें म्हणजे अर्थ उलगडणें नव्हे, आणि ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवाशीं ज्याचा कांहीं संबंध लागत नाहीं तें सांगणें निष्फळ होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. जाहीर व्याख्यानाचा हा पहिला नियम म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु पिंजऱ्यापुढील व्याख्यानाला आणखी एक अडचण आहे व ती वर्गांतील धड्याला नसते. वर्गांत शिक्षकाचे शब्द हेंच बहुतेक सर्व असतें. येथें मात्र श्रोत्यापुढें जिवंत प्राणी असतो, आणि त्या प्राण्याशीं व्याख्याता कसा वागतो हेंहि श्रोता पाहत असतो. कानांवर एक पडलें व डोळ्यांना दुसरें दिसलें, तर मनुष्य डोळ्यांवर विश्वास ठेवतो. म्हणून अशा प्रसंगीं काय सांगावें याच्याइतकाच, किंबहुना अधिकच, काय दाखवावें हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

याचें ठळक उदाहरण लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या इतिहासांत सांपडतें. हें संग्रहालय इ. स. १८२८ मध्यें उघडलें, तें मुख्यतः प्राणिशास्त्रीय संस्थेच्या सभासदांसाठीं; सर्वसामान्य जनतेला १८४७ पासून प्रवेश मिळूं लागला. पुढें १९२६ सालीं तेथें चिंपांझीच्या पिलांची 'चहापार्टी' सुरूं झाली. पिलें टेबलाभोंवतीं बसत, कपबशा हाताळीत, एकमेकांची खोडी काढीत आणि भोंवतालची गर्दी पोट धरून हंसे. १९७२ सालीं हा प्रकार बंद करण्यांत आला. त्या जवळजवळ अर्धशतकांत हा चहा पाहणारांना कोणता धडा मिळाला? चिंपांझी म्हणजे एक लहानसा, गमत्या, माणसाळलेला प्राणी! वस्तुस्थिति अशी कीं, पूर्ण वाढलेला चिंपांझी मोठा बळकट असतो आणि चिडला तर माणसाला गंभीर इजा करूं शकतो. म्हणूनच अशा खेळांत पिलें वापरीत.

हा परिणाम केवळ कल्पनेचा नाहीं. शिकागो येथील लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाच्या अभ्यासकांनीं प्रेक्षकांना विचारलें कीं, कोणते महावानर नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत? २००८ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत त्याचा निष्कर्ष आला. गोरिलाविषयीं १०० पैकीं ९५ जणांना तें ठाऊक होतें. चिंपांझीविषयीं मात्र अवघ्या ६६ जणांना. चिंपांझीला धोका नाहीं असें समजणाऱ्यांनीं जें कारण मुख्यतः दिलें तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे: तो चित्रपटांत, जाहिरातींत व दूरचित्रवाणीवर नेहमीं दिसतो! चिंपांझी विपुल आहेत असें त्यांना कोणींहि सांगितलें नव्हतें. तें त्यांच्या डोळ्यांनीं परस्पर ठरविलें होतें.

खेळ बंद झाला म्हणजे डोळ्यांची ही फसगत थांबते असें मात्र नाहीं. राणीच्या बागेंत २०१६ सालीं दक्षिण कोरियांतून हंबोल्ट जातीचे पेंग्विन आणले आणि २०१७ पासून लोकांना ते पाहतां येऊं लागले. कांचेपलीकडची खोली यंत्रानें थंड ठेवलेली असते. ती पाहून प्रेक्षक साहजिकच मानतो कीं, हा बर्फांत राहणारा पक्षी. वस्तुतः हंबोल्ट पेंग्विनाचें घर दक्षिण अमेरिकेंत पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावर आहे. तेथील भूमि पुष्कळ ठिकाणीं वाळवंटासारखी कोरडी असून बर्फाचें नांव नसतें. किनाऱ्यालगत वाहणारा समुद्राचा प्रवाह तेवढा थंड, आणि त्यांतील मासळीवर हा पक्षी जगतो. येथें व्याख्यात्यानें "हे बर्फांतले नव्हेत" एवढेंच सांगून भागत नाहीं. डोळ्यांना जें दिसतें त्याचें कारणहि त्यानें सांगितलें पाहिजे.

पांढऱ्या वाघापुढें तर व्याख्यात्याच्या सचोटीचीच परीक्षा होते. गर्दी सर्वांत मोठी तेथेंच असते, आणि "ही एक दुर्मिळ जात आहे" असें म्हटलें कीं सर्वजण खूष होतात. परंतु पांढरा वाघ ही निराळी जात नाहीं. तो रंगांत पडलेला आनुवंशिक फरक आहे. १९५१ सालीं रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांच्या हातीं एक पांढरा बछडा लागला. त्याचें नांव मोहन. त्याचा संबंध त्याच्याच मुलीशीं घडवून १९५८ सालीं पांढरीं पिलें मिळविण्यांत आलीं. पुढेंहि रंग टिकविण्यासाठीं जवळच्या नात्यांत संकर होत राहिले, आणि तिरळेपणासारखे दोष या वंशांत वारंवार दिसूं लागले. ही हकीकत ऐकून गर्दीचा उत्साह थोडा मावळेल. पण ती न सांगणारा व्याख्याता खेळ करून दाखविणाऱ्याच्याच पंक्तीला जाऊन बसतो.

चिंपांझी, पेंग्विन किंवा वाघ यांच्याविषयींचा गैरसमज घरीं नेला तर ऐकणाऱ्याचें प्रत्यक्ष नुकसान फारसें होत नाहीं. सापाची गोष्ट तशी नाहीं. सर्पोद्यानांतील व्याख्यानावर माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि म्हणून या कलेचा खरा कस तेथें लागतो.

आपल्याकडे सापांविषयींचें पहिलें जाहीर व्याख्यान गारुड्यानें दिलें. नाग पुंगीच्या सुरांवर डोलतो, तो दूध पितो, त्याच्या मस्तकांत मणि असतो, हे पाठ त्यानें गांवोगांव शिकविले आणि त्यांतील दोहोंचा तरी डोळ्यांदेखत पुरावा दिला. वास्तविक नागाला बाहेरचे कान नसतात. समोर हलणाऱ्या पुंगीवर व माणसावर तो नजर ठेवतो, आणि त्या हालचालीबरोबर त्याची फणा वळते. दूध हें त्याचें अन्न नव्हे. पाण्यावांचून तहानेनें व्याकुळ झालेला साप समोर आलेल्या दुधांत तोंड घालतो, इतकेंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा धंदा बेकायदेशीर ठरला. वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल व माकड यांना खेळ करावयास लावण्यावर १९९८ सालीं केंद्र सरकारनें बंदी घातली. गारुडी गेला, त्यानें शिकविलेले पाठ मात्र अद्याप घराघरांत आहेत. सर्पोद्यानांतील व्याख्यात्यापुढें जो श्रोता येतो तो कोऱ्या पाटीचा नसतो.

त्या जुन्या पाठांची किंमत काय पडते, याचा हिशेब २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें दगावलीं, म्हणजे दर वर्षीं सरासरी ५८ हजार. त्यांत चतुर्थांशाहून अधिक मुलें पंधरा वर्षांखालचीं होतीं. निम्मे मृत्यु पावसाळ्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतील राहत्या घरीं घडलेले. २०३० पर्यंत ही संख्या निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना सरकारनें मार्च २०२४ मध्यें जाहीर केली आहे. हा प्रश्न खेड्यांतला आहे, आपला नव्हे, असें शहरांतील सुशिक्षित कुटुंबास वाटण्याचा संभव आहे. परंतु शहरांची वस्ती आतां टेकड्या व शेतें गिळीत बाहेर पसरली आहे; सुटींत मुलें आजोळीं जातात; घरीं काम करणाऱ्या बाईचें आणि माळ्याचें कुटुंब गांवीं असतें. प्राणिसंग्रहालयांत मिळालेली योग्य माहिती या वाटांनीं पुष्कळ दूर पोंचूं शकते.

महाराष्ट्रांत या लोकशिक्षणाची एक विलक्षण सुरुवात झाली ती १९८० सालीं. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनीं ७२ विषारी सापांबरोबर एका कांचेच्या खोलींत ७२ तास काढले. डिवचल्यावांचून साप चावत नाहीं, हें लोकांना पटवून देणें हा त्यामागील हेतु होता, आणि ते सुखरूप बाहेर आले. पुढें त्यांच्याच पुढाकारानें १९८६ सालीं कात्रजचें सर्पोद्यान उभें राहिलें. या प्रयोगाचें मर्म सापांशीं खेळण्यांत नव्हतें. सापांमध्यें असतां मनुष्यानें शांत राहण्यांत होतें. हें मर्म ज्यांच्या ध्यानांत आलें नाहीं त्यांनीं त्यांतील धाडस तेवढें उचललें. नाग गळ्यांत घालून छायाचित्रें काढून घेणारे तरुण आज ठिकठिकाणीं दिसतात, आणि असें करतांना दंश होऊन प्राण गमावल्याच्या बातम्याहि वर्तमानपत्रांत येत असतात.

मग सर्पोद्यानांतील व्याख्यान कसें असावें? तें वीस मिनिटांहून लांबूं नये, कारण लोक उभे असतात आणि मुलें कंटाळतात. आरंभ माहितीनें न करतां प्रश्नानें करावा: "तुमच्या घरीं साप निघाला तर तुम्ही काय कराल?" कोणी म्हणेल, मारूं, कोणी म्हणेल, पळूं, कोणी मांत्रिकाचें नांव घेईल. ऐकणाऱ्यांच्या मनांत आधींपासून काय आहे तें असें बाहेर येतें आणि बोलणें नेमकें कोठून सुरूं करावें हें समजतें.

नंतर धामणीपुढें जावें. भारतांत सापांच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत व त्यांतील बहुसंख्य बिनविषारी आहेत. उंदरांवर जगणारी धामण त्यांपैकींच. महाराष्ट्रांत माणसांचे बळी मुख्यतः चार सापांमुळें जातात: नाग, मण्यार, घोणस व फुरसें. या चौघांचे रंग व खवले तोंडपाठ करवून कांहीं साधत नाहीं. अंधारांत रंग कोण पाहतो? प्रत्येकाची एक संवय आणि त्या संवयीशीं जुळणारी घरांतील एक कृति सांगावी. नाग उंदरांच्या मागें घराजवळ येतो. म्हणून धान्याची सांडलवंड व अडगळ ठेवूं नये. मण्यार रात्रीं फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश पुष्कळदां जाणवतहि नाहीं. पहाटे पोटांत दुखूं लागतें आणि पापण्या मिटूं लागतात. म्हणून निजावयास खाट घ्यावी व मच्छरदाणी नीट खोंचावी. घोणस पाल्यापाचोळ्यांत दडून राहते आणि चिडली म्हणजे कुकरच्या वाफेसारखा मोठा फूत्कार टाकते. तिला अजगर समजून हात लावणाऱ्यांचा घात होतो. फुरसें हा लहानसा साप कोंकणांत फार. तो दगडांखालीं बसतो. म्हणून दगड किंवा लाकडें उचलतांना आधीं काठीनें हलवावीं, आणि रात्रीं बाहेर पडतांना पायांत जोडा व हातांत विजेरी असावी.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि डोळ्यांच्या श्रद्धेचा उपयोग येथेंच करून घ्यावयाचा. सांगण्यापेक्षां करून दाखवावें. श्रोत्यांतील एखाद्या मुलाला बांकावर निजवून त्याच्या पायाला साप चावला आहे असें समजावें. त्याला धीर द्यावा, चालूं देऊं नये. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी पायाला लावून वरून सैलसर पट्टी बांधावी आणि दोघांनीं त्याला उचलून न्यावें. काय करावयाचें नाहीं तेंहि त्याच वेळीं सांगावें: दोरीनें आवळावयाचें नाहीं, जखम कापावयाची नाहीं, तोंडानें विष चोखावयाचें नाहीं आणि मांत्रिकाकडे वेळ घालवावयाचा नाहीं. थेट रुग्णालय गांठावयाचें. घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिविषाची लस तेथें मिळते व तीच गुणकारी असते. ही एकच लस वर सांगितलेल्या चारहि सापांच्या विषावर चालते. त्यामुळें चावलेला साप शोधून मारण्याची किंवा डॉक्टरांकडे नेण्याची गरज नसते. साप शोधण्याच्या नादांत दुसऱ्याला दंश होतो आणि पहिल्याचा वेळ फुकट जातो.

साप शेतकऱ्याचा मित्र आहे, कायद्यानें त्याला संरक्षण आहे, हें सर्व खरें. पण तें शेवटीं सांगावें. भयभीत मनापुढें आधींच मैत्रीची भाषा केली तर ती उपदेशासारखी वाटते. काय करावयाचें तें कळलें कीं भीति कमी होते, आणि भीति कमी झाल्यावर दयेला जागा होते.

आतां राहिला जिवंत साप हातांत घेऊन दाखविण्याचा प्रश्न. त्यानें गर्दी जमते हें नाकारतां येत नाहीं, आणि हातांत घेतल्याखेरीज लोकांची भीति जाणार नाहीं असेंहि कांहीं जण म्हणतात. परंतु नाग हातांत घेऊन "तुम्ही असें करूं नका" म्हणणारा व्याख्याता एकाच वेळीं दोन धडे देत असतो, आणि मुलें त्यांतला कोणता घरीं नेतील हें सांगावयास नको. स्पर्शाचीच हौस असेल तर सापानें टाकलेली कात सर्वांच्या हातांतून फिरवावी. ती कोरडी व हलकी असते. साप बुळबुळीत असतो हा समज ती हातीं घेतांच नाहींसा होतो.

हाताळणी सर्वस्वी वर्ज्य आहे असेंहि नाहीं. तिला कारण मात्र हवें. रोम्युलस व्हिटेकर यांनीं मद्रासचें सर्पोद्यान १९७२ च्या सुमारास उभें केलें आणि १९७६ सालीं त्या शहराच्या दक्षिणेस समुद्रकांठीं मगरींचें संवर्धनकेंद्र सुरूं केलें. त्याच आवारांत इरुळ जमातीच्या साप पकडणारांची सहकारी संस्था विष काढण्याचें काम करते. हे लोक पूर्वीं कातड्यांच्या व्यापारासाठीं साप पकडीत. त्या व्यापाराला बंदी झाल्यावर त्यांची उपजीविका बुडाली, आणि १९७८ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनें त्यांच्या कौशल्याला नवें काम दिलें. सापाचें विष काढून तें लस बनविणाऱ्यांना देतात व कांहीं आठवड्यांनीं साप पुन्हां रानांत सोडतात. प्रेक्षक कठड्यापलीकडून हें काम पाहतात. तेथेंहि माणसाचा हात व नागाचें तोंड दिसतें. पण पाहणाऱ्याला कळतें कीं, हें पिढीजात कौशल्य आहे, तें औषधासाठीं वापरलें जात आहे, आणि काम संपतांच साप मडक्यांत परत जातो. त्यांत मिरविणें नाहीं.

वाघ असो, पेंग्विन असो वा नाग असो, कसोटी सर्वत्र एकच. व्याख्यान संपल्यावर टाळ्या किती पडल्या यावरून त्याचें मोल ठरत नाहीं. पाहिलेल्या गोष्टीचें अनुकरण श्रोत्यानें घरीं केलें तर त्याचें व त्या प्राण्याचें कल्याण होईल कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. श्रोत्यांनींहि पुढील खेपेस प्राणिसंग्रहालयांत गेल्यावर पन्नास पिंजरे धांवत पाहण्याऐवजीं एखाद्या ठिकाणीं वीस मिनिटें थांबावें, बोलणाऱ्याला प्रश्न विचारावे, आणि त्या रात्रीं जेवतांना मुलांना एवढेंच विचारावें कीं, सर्पदंश झालेल्या माणसाचा पाय कसा बांधावयाचा. मुलांनीं उठून तें करून दाखविलें तर त्या दिवसाचें तिकीट सत्कारणीं लागलें असें समजावें.